रिप्लाय-टू: बी-१४

१

चूक सुधीर काकांची. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण त्यांच्या वयाचा माणूस चुकला की सगळे "जाऊ दे रे, वय झालंय" म्हणतात आणि माझ्या वयाचा चुकला की त्याची मार्कशीट बाहेर काढतात. माझी मार्कशीट अर्धीच आहे. इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. आता कोपरला वन-आरकेमध्ये आई आणि मी राहतो. मी क्लासवाल्यांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या, लग्नाच्या हॉलवाल्यांच्या वेबसाइट बनवतो.

सुधीर काका कोलशेतच्या रंगाच्या कंपनीत टाइम ऑफिसला होते. गेटवर हजेरी घ्यायचे. माझे बाबा त्याच कंपनीत रंगखात्यात होते. कंपनीच्या भिंतीला लागून वसाहत होती. ए, बी, सी, डी अशा चार इमारती, प्रत्येकीत चोवीस खोल्या, समोर कॉमन गॅलरी. आम्ही बी-१४ मध्ये राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. माझी पहिली अकरा वर्षं तिथे गेली.

मग कंपनी बंद पडली. घरं खाली करायच्या कागदावर सह्या घेत दारोदार फिरले ते सुधीर काकाच. बाबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. आईने पिठाच्या हाताने सही केली, कागदावर तिच्या अंगठ्याचा पांढरा डाग पडला, तो काकांनी फुंकर मारून उडवला. मी बघत होतो.

आणि आता, तेरा वर्षांनी, याच लोकांना वसाहतीची आठवण यायला लागली. सह्या देणारे, घेणारे, सगळे एकत्र आले, स्नेहमंडळ काढलं. सुधीर काका सचिव. काका आता राहतात कुठे, तर वसाहत पाडून तिथे जे टॉवर झाले त्यातल्याच एकात, मुलीच्या फ्लॅटमध्ये. लाज वाटत नाही का, असं मी आईला विचारलेलं. आई म्हणाली, "एकटे असतात रे. बायको गेली त्यांची. उर्वी दिवसभर ऑफिसात."

आईला सगळ्यांचं सगळं समजायचं. हा तिचा प्रॉब्लेम होता.

२

जानेवारीत मंडळाची वेबसाइट केली. जुने फोटो, गणपतीतल्या नाटकांच्या पत्रिका, आणि एक संपर्काचा फॉर्म. नाव, जुना खोली नंबर, निरोप. एवढंच.

फॉर्म भरला की वेबसाइट सुधीर काकांना एक मेल पाठवते. त्या मेलवर दोन पत्ते असतात. एक पाठवणाऱ्याचा, त्याला फ्रॉम म्हणतात. दुसरा रिप्लाय-टू, म्हणजे उत्तराचं बटण दाबलं की उत्तर कुठे जायचं तो. नवशिके फ्रॉममध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकतात. मग मेल स्पॅममध्ये जाते, कारण आपल्या सर्व्हरला दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकायची परवानगी नसते. म्हणून फ्रॉम मंडळाचा ठेवायचा आणि रिप्लाय-टू माणसाचा. दहा मिनिटांचं काम.

आठवड्याने काकांचा फोन.

"प्रीतम, विमलाबाईंनी निरोप पाठवला होता. मी त्यांना उत्तर लिहिलं. ते मलाच आलं."

"काका, विमलाबाईंना ईमेल आहे का?"

"नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे."

"मग रिप्लाय-टू रिकामा राहतो. रिकामा असला की उत्तर फ्रॉमवर जातं. फ्रॉम तुम्हीच आहात."

"मग त्यांना पत्ता दे."

"कुठला देऊ?"

"त्यांचा. बी-९."

मी हसलो. "काका, बी-९ पाडली. तुम्ही रोज तिथून वॉक घेता."

"इमारत पाडली," काका म्हणाले. त्यांचं मराठी कायम रेडिओवरच्या बातम्यांसारखं. "पत्ता रेकॉर्डला असतो. प्रत्येक खोलीच्या नावाने ईमेल कर. ए-१ पासून डी-२४ पर्यंत. ज्यांची नातवंडं आहेत ती उघडून वाचून दाखवतील. आणि हे सुचायला डिग्री लागत नाही, तुला सुचायला हवं होतं."

शहाण्णव पेट्या उघडायचा मला कंटाळा आला. मी शॉर्टकट मारला. खोलीच्या कुठल्याही नंबरावर मेल आली तरी ती एकाच मोठ्या पेटीत पडेल असं सेट केलं आणि फॉर्मला सांगितलं, रिप्लाय-टूमध्ये खोली नंबर टाक. कोणी उघडणार नव्हतंच. म्हाताऱ्यांना आपण उत्तर पाठवलं एवढं काकांना वाटलं की झालं.

मग टेस्ट करायची होती. टेस्टला सगळे स्वतःचं नाव टाकतात. मला माझं नाव तिथे नको होतं.

"आई, वसाहतीला निरोप पाठवायचाय. काय लिहू?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुपारचं पाणी अजून येतं का विचार."

मी लिहिलं. नाव: शालन घाडी. खोली: बी-१४. निरोप: दुपारचं पाणी अजून येतं का?

पाठवा. हिरवी टिक आली. मी टेस्टची एंट्री काढून टाकायला विसरलो.

३

दुपारच्या पाण्याचं सांगायला पाहिजे.

वसाहतीत पाणी दोनला यायचं. बायका तेव्हा धुणं काढायच्या, आणि तीनच्या भोंग्यापर्यंत चारही इमारतींच्या गॅलऱ्या ओल्या कपड्यांनी भरलेल्या असायच्या. तीनला पहिली पाळी सुटायची. बाबा यायचे तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे, कधी जांभळे. आई पाणी तापवून ठेवायची. बाबा मोरीत बसून हात घासायचे आणि रंगीत पाणी गॅलरीच्या नळीतून खाली जायचं. आम्ही पोरं खाली उभं राहून ओळखायचो, आज कुठल्या रंगाची बॅच निघाली. खाडीवरून वारा आला की कपडे फडफडायचे. मला आजही कपडे झटकल्याचा आवाज आला की भूक लागते, कारण कपडे झाले की आई पोहे करायची.

आणि हाका. संध्याकाळी चार इमारतींच्या गॅलऱ्यांतून आया हाका मारायच्या. शेकड्याने पोरं आणि प्रत्येकाला आपली हाक कळायची. नियम एकच होता. आईने हाक मारली की ओ द्यायची. लपाछपीत लपलेला असलास तरी. ओ दिली की राज्य येणार हे माहीत असूनही. एकदा मी गच्चीवरच्या टाकीमागे लपलेलो आणि खालून नेमकी हाक आली, "प्रीऽतू." मी श्वास धरून बसलो. ओ दिली नाही. घरी गेलो तर आईने मारलं नाही, रागावली नाही. पोह्यांची ताटली पुढे ठेवली आणि म्हणाली, "हाक मारली आणि समोरून काही आलं नाही ना, की पोटात खड्डा पडतो रे. परत असं नको करूस."

तेव्हापासून आमच्यात हे होतं. कोपरच्या वन-आरकेमध्ये आवाज द्यायची गरज काय, दोन पावलांवर माणूस. तरी मी दारातून "आई" म्हणायचो आणि ती कुठूनही "ओ" म्हणायची. नळाखालून, झोपेतून, फोनवर बोलता बोलता.

४

फेब्रुवारीच्या शेवटी पेटी उघडली. सहज. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, काम होतं म्हणून.

काकांनी तोपर्यंत काही उत्तरं पाठवलेली. खोल्यांच्या नंबरावर पाठवलेल्या सगळ्या मेल त्या एका पेटीत पडलेल्या दिसायला पाहिजे होत्या.

पेटी रिकामी होती.

मी लॉजिकवाला माणूस आहे. मेलचं दोनच काय ते होतं. पोहोचते, नाही तर परत येते. परत एकही आलेली नव्हती. म्हणजे पोहोचल्या. मी सर्व्हरचा लॉग काढला. ए-४, पोहोचली. ए-११, पोहोचली. बी-३, पोहोचली. प्रत्येक ओळीपुढे तेच. पण पेटीत काही नाही. स्पॅममध्ये नाही, कचऱ्यात नाही.

होस्टिंगवाल्याला चॅटवर विचारलं. तो म्हणाला, "सर, डिलिव्हर्ड दिख रहा है."

"कहाँ डिलिव्हर्ड?"

"जो ॲड्रेस है उसी पे सर."

मी स्वतः एक मेल टाकून बघितली, डी-७ ला. डी-७ वाल्यांनी फॉर्म भरलेलाच नव्हता. ती मेल दोन सेकंदांत पेटीत येऊन पडली.

म्हणजे पेटी चालत होती. ज्या खोल्यांतून निरोप आलेला, फक्त त्यांची उत्तरं पेटीत येत नव्हती. मी विचार केला, काहीतरी फिल्टर असेल. कॅशे असेल. रात्री बघू. मग एका क्लासवाल्याचं अर्जंट काम आलं आणि ते राहिलं.

५

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी करिश्मा वहिनीचा फोन आला, विठ्ठलवाडीहून. ती महिपत काकांची सून. महिपत काका आमच्या खालच्या मजल्यावर, बी-१२ ला. कंपनीत क्रेन चालवायचे. आवाज एवढा की क्रेनला हॉर्न लागत नसे.

"भाऊजी, तुम्ही ती साइट बनवलीत ना? त्यात काय म्हाताऱ्यांना शपथबिपथ घालतात का?"

"का गं, काय झालं?"

"सासरे ओ देत नाहीत."

"म्हणजे, ऐकू येत नाही?"

"ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करतात. टीव्ही लावतात. पण 'पप्पा' म्हटलं की काही नाही. सान्वी 'आजोबा, आजोबा' करून रडली, हिच्या डोक्यावरनं हात फिरवला, पण तोंडातनं शब्द नाही. आधी एवढे बोलायचे की मला वाटायचं, देवा, एक दिवस तरी गप बसव. तो एक दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आता भीती वाटते."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय. दुसरं काय म्हणणार. पण एक सांगू? काल दुपारी तीनला ते उठून उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून. शाळेत पोरं राहतात तसे."

मी तिला काहीतरी बोललो, कानाच्या डॉक्टरचं वगैरे. फोन ठेवला आणि काकांच्या मेलमध्ये शिरलो. ॲडमिन मीच होतो, पासवर्ड माझ्याकडे होता. पाठवलेल्या मेल उघडल्या.

सगळ्या मेल एकसारख्या. वर नाव, खोली नंबर. खाली एकच ओळ. "हजर आहात का? कळवावे." खाली, सुधीर, टाइम ऑफिस. मंडळाचं नावही नाही.

त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं कोणाला. ते हजेरी घेत होते. चाळीस वर्षांची सवय. रोज एक मेल, दुपारी ठीक तीनला, खोल्यांच्या क्रमाने. नावं कंपनीच्या जुन्या यादीतून उचललेली. ए-४ गेली की ए-११. मग ए-२०. मग बी-३. बी-९, विमलाबाई. बी-१२, महिपत काका, परवा.

बी-१३ वाल्यांनी फॉर्म भरला नव्हता.

काल रविवार होता. टाइम ऑफिसला सुट्टी.

यादीत सर्वांत वर, आत्ताच आलेली एक ओळ होती. "सौ. शालन घाडी, बी-१४." सौ. लिहिलेलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून चार मिनिटं.

"आई," मी खुर्चीतूनच हाक मारली.

ओट्याजवळ भांड्यांचा आवाज चालू होता. नळ चालू होता.

"आई."

नळ बंद झाला. तिने हात पुसले. मग डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

६

कानाच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. डोंबिवली पूर्वेला, चांगले डॉक्टर आहेत. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, बारीकसा आवाज आला तरी हात वर करायचा. आईने प्रत्येक वेळी हात वर केला. माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं तिला.

डॉक्टर म्हणाले, "शालनताई."

आईने समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"घरात काही झालंय का?" डॉक्टरांनी मला विचारलं. म्हणजे मी काही केलंय का. ड्रॉपआउट मुलगा, विधवा आई. चेहऱ्यावर लिहिलेलं असतं लोकांच्या.

घरी ती सगळं करायची. माझ्या आवडीचं करायची. मी शिंकलो तर आल्याचा चहा पुढे यायचा. रागावली असेल असं मी दोन दिवस धरून चाललो, माफीही मागितली, कशाची ते न ठरवता. ती माझ्या ताटात भाजी वाढत राहिली. काही लागलं की ती असायची. हाक मारली की नसायची. कसं सांगू. एखाद्या घराची बेल दाबावी, आत दिवा चालू, पंखा चालू, चपला दारात, आणि कोणी येऊ नये.

तीन वाजता ती उठून उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून. तिचे हात हवेत वर गेले, काहीतरी पसरल्यासारखे, आणि बोटांनी चिमटा काढल्यासारखं केलं. एकदा. बाजूला सरकून परत एकदा. पाच-सहा वेळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाइक काढली आणि कोलशेतला गेलो. आईला शेजारच्या अक्षदाकडे बसवून. तिथे पोहोचेपर्यंत डोक्यात एकच होतं, या म्हाताऱ्याला धरून हलवायचा.

७

दार काकांनीच उघडलं. उर्वी ऑफिसात. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, हॉल, त्याला बाल्कनी. बाल्कनीत एक लाकडी खुर्ची आणि टेबल. टेबलावर लॅपटॉप, मनगटातून काढून ठेवलेलं घड्याळ, आणि लाल-निळी पेन्सिल. मला ती पेन्सिल ओळखीची होती. उशीर झालेल्यांना लाल.

"ये, प्रीतम," काका म्हणाले. "हळू बोल. वेळ होत आली."

"माझ्या आईला काय केलंत?"

"मी काय करणार? मी फक्त विचारलं, हजर आहात का."

"ती ओ देत नाही काका. महिपत काका देत नाहीत. विमलाबाईंचं काय ते मी विचारलं पण नाहीये."

"देतात की," ते म्हणाले.

ते घाबरलेले नव्हते. वाईट माणसासारखेही दिसत नव्हते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. खूप दिवसांनी कोणीतरी घरी यायचं असावं तसे तयार होऊन बसलेले.

"कागदांवर सह्या मी घेतल्या," ते म्हणाले. "तू लहान होतास, पण बघत होतास, मला माहीत आहे. तेव्हापासून एक दिवस नीट गेलेला नाही. मला वाटलं, एकदा सगळे परत मोजून घ्यावेत. बाकी काही नाही रे."

"ते मेल पाठवणं बंद करा."

"बस. तीन होऊ देत. मग बोलू."

मी बसलो नाही. बाल्कनीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली लहान मुलांची खेळायची जागा, लाल रबरी फरशी, एक घसरगुंडी. कोणी नव्हतं. ऊन कडक. बी इमारत तिथेच होती, त्या घसरगुंडीवर. मी मनात मोजलं. काकांची बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे आमची गॅलरी बरोबर समोर, याच उंचीवर, पंचवीसेक फुटांवर. आता तिथे हवा होती, आणि पलीकडे दुसऱ्या टॉवरची एसीची खोकी.

तीन वाजले. भोंगा वगैरे झाला नाही. काकांनी लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि पेन्सिल हातात घेतली.

आधी मला वाटलं वरच्या कुठल्या तरी फ्लॅटमध्ये कोणी चादर झटकली. फाट्. ओल्या कपड्याचा आवाज. वर बघितलं, टॉवरला कपडे बाहेर वाळत घालायची बंदी आहे, एकही दोरी नव्हती. परत फाट्. समोरून.

मग खाली रबरी फरशीवर थेंब दिसले. लाल रबरावर काळे ठिपके. एकामागून एक, एका सरळ रेषेत, दोरीखाली पडतात तसे. आभाळ कोरडं होतं. मी कुठल्या तरी एसीचं पाणी शोधत होतो, शपथ. डोळे शोधत होते आणि मला भूक लागली होती.

"हाक मार," काका हळूच म्हणाले. "मला सगळे 'हजर' म्हणतात. पण तू मार."

मला मारायची नव्हती. तोंडातून गेली.

"आई."

"ओ."

कानात नाही, डोक्यात नाही. समोरून आली, पंचवीस फुटांवरून, गॅलरीत उभं राहून देतात तशी. दम लागलेली, तोंडात चिमटा धरलेला असावा तशी.

"आले रे, एवढं पिळून टाकते. बाबांना म्हणावं पाणी तापलंय."

आणि हात दिसला. एवढंच दिसलं. कोपरापर्यंत, हवेत, चादरीची कड सारखी करताना. हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरून खाली आलेल्या. त्या मी स्वतः बघितलेल्या फुटताना.

त्या हाताच्या मागे कुठेतरी कोणी मोरीत तांब्या आपटला. खाली, नळी असायची तिथे, रबरावर एक पिवळा ओघळ आला आणि पसरायला लागला.

काकांनी पेन्सिलीने कागदावर खूण केली. निळी.

८

पुढचं मी केलं. ते पण लिहितो.

काकांच्या हातून लॅपटॉप ओढला. ते "नको, नको, प्रीतम, ते तिथे नीट आहेत" असं म्हणत माझं मनगट धरत होते. त्यांच्या हातात जोर नव्हता. मी फॉर्म काढून टाकला. रिप्लाय-टूची ओळ काढली. मोठी पेटी काढली. मग डोमेनच बंद करून टाकलं. मला खात्री होती. पत्ता राहिला नाही की माणूस घरी येतो. आमच्या लाइनमध्ये असंच असतं, चुकीची सेटिंग काढली की गोष्टी आपोआप मूळ जागी जातात.

खाली बघितलं तेव्हा फरशी वाळत होती. काका खुर्चीत बसले होते आणि समोर बघत होते. त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. ए-४. ए-११. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे, पेन्सिल वर धरून, मग पुढचं घ्यायचे. बी-१२ पर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज गेला होता. मी बाइकची चावी घेऊन निघालो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तसं बसवून निघालो, आणि मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही. त्यांनी विचारायला नको होतं.

कोपरला आलो. आई घरी होती. पोहे केलेले. ताटली झाकून ठेवलेली, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी दारातच उभा राहिलो. आत जाईपर्यंत धीर नव्हता.

"आई."

तिने माझ्याकडे बघितलं. प्रेमाने बघितलं. ताटली पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी तीनला ती उभी राहिली नाही. हात वर गेले नाहीत. मी खूश झालो, खरंच, अक्षदाला पेढे आणायला निघालेलो. मग म्हटलं आधी एकदा खात्री करू. बाइक काढली, कोलशेतला गेलो, वॉचमनला काकांचं नाव सांगितलं आणि त्या घसरगुंडीजवळ उभा राहून हाक मारली. दोन पोरं झोका थांबवून बघायला लागली. मी परत मारली. वर एसीची खोकी चालू होती. बाकी कसलाच आवाज नव्हता.

डोमेन परत घेतलं. सेटिंग होतं तसं केलं, अक्षर न अक्षर. फॉर्म भरला. शालन घाडी, बी-१४, दुपारचं पाणी अजून येतं का. काकांना हातापाया पडून त्यांच्याकडून मेल पाठवून घेतली, ठीक तीनला. ती मेल दोन सेकंदांत माझ्या पेटीत येऊन पडली. तिथेच आहे.

आता नोव्हेंबर आहे. करिश्मा वहिनीने फोन करणं सोडलंय. आई स्वयंपाक करते, धुणं काढते, माझे शर्ट झटकून खिडकीच्या दोरीवर टाकते. तब्येत चांगली आहे. आठ महिन्यांत तिने मला एकदाही ओ दिलेली नाही. कोलशेतला मी अकरा वेळा जाऊन आलो. तिथेही देत नाही.